हाज्जा इन्शिराहचा फुकटचा चेंडू

अलेक्झांड्रियाच्या करमूझ भागातल्या एका गल्लीत पोरांच्या दोन पिढ्यांनी हाज्जा इन्शिराहच्या मरणाची वाट पाहिली. ती मात्र पहिल्या मजल्यावर ठणठणीत होती. चेंडू तिच्या बाल्कनीत आला रे आला, की ती भाजीची सुरी घेऊन त्याचं पोट फाडायची, टोपलीत घालायची आणि दोरीने खाली सोडायची. वर म्हणायची, "आईला सांग, आज कोंबडी मिळाली नाही, हेच शिजव." हजहून परत आली तेव्हा गल्लीला वाटलं, म्हातारी आता निवळेल. तिने आल्या आल्या सुरीला धार लावून घेतली.

मग पोरांच्या हातात फोन आले आणि गल्ली गप्प झाली. पोरं जिन्यात ओळीने माना खाली घालून बसू लागली, मयताला आल्यासारखी. सुरुवातीला इन्शिराहने अल्लाचे आभार मानले. पण जिचा दिवस भांडणाने उजाडतो, तिला शांतता किती दिवस पचणार? हळूहळू तिला करमेनासं झालं.

त्या उन्हाळ्यात तिची सून नशवा कुवेतहून आली आणि नऊ वर्षांच्या रीहामला सुट्टीभर आजीकडे सोडून नोकरीवर परत गेली. इन्शिराह नातीला बऱ्याच वर्षांनी बघत होती. तिने मुके घ्यायला तोंड पुढे केलं. रीहामने एक गाल दिला आणि डोळे फोनवरच ठेवले. पुढचे कित्येक दिवस इन्शिराहला नातीच्या केसांतला भांग तेवढा दिसला.

तिने मुलूखिय्याची पातळ पालेभाजी केली. लसणाची फोडणी ओतताना बाईने जोरात 'हाऽऽ' असा श्वास ओढायचा असतो, नाहीतर पाला तळाशी बसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. इन्शिराहचा श्वास तर असा दांडगा की समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत आल्या. रीहामने मानसुद्धा हलवली नाही.

"अगं, आजी मेली असती म्हणजे?"

"मेली असतीस तर आवाज आला नसता, तेता," रीहाम आजीला फोनकडे बघतच म्हणाली.

इन्शिराहला हसू आलं. पोर जिभेने थेट आपल्यावर गेली आहे, आणि सुट्टी संपली की ही आपल्याशी धड न बोलताच निघून जाणार, हे तिला त्या भाजीपुढे उभं राहून कळलं.

तिने चार्जर तांदळाच्या डब्यात लपवला. रीहाम खाली इस्त्रीवाल्या फत्हीच्या दुकानात जाऊन फोन चार्ज करून आली. टीव्हीवर एक डॉक्टरीण म्हणाली, मुलांना ओरडू नका, त्यांच्यापुढे पर्याय ठेवा. कसला पर्याय, ते तिने सांगितलं नाही. बहुधा तिला मूल नसावं. इन्शिराहला पर्याय एकच ठाऊक होता आणि तो तिने आयुष्यभर फाडत आणला होता.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून नवा चेंडू घेऊन आली आणि टोपलीतून खाली सोडला. "घ्या. फुकट."

जिन्यातल्या पोरांनी माना वर केल्या. कोणी जागचं हललं नाही. फत्हीचा मुलगा तामिर लांबूनच म्हणाला, "हाज्जा, आत काय भरलंय?"

"तुझी अक्कल. म्हणून तर एवढा हलका आहे."

एकाने टोपलीचा फोटो काढला. एका मांजराने चेंडू हुंगला आणि तेही निघून गेलं. इन्शिराहने कमरेवर हात ठेवले. "तामिर, तुझा बाप तुझ्याएवढा होता तेव्हा औषधाच्या दुकानापासून माझी काच फोडायचा. तुला इथून, नाकासमोरून, माझ्या खिडकीची झडप तरी लागते का बघ. अंगठे तेवढे कमावलेत मेल्यांनी!"

फत्ही हातात इस्त्री घेऊन दुकानाबाहेर आला. त्याची छाती फुगली होती. "खरं बोलते हाज्जा," तो मुलाला म्हणाला. "मार रे. घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

तामिरने फोन खिशात घातला आणि लाथ मारली. चेंडू झडपेवर आदळला, तिथून लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर पडला आणि बरणी फुटली. इन्शिराहच्या डोक्याच्या आधी तिचा हात धावला. सुरी वर गेली, खाली आली, आणि चेंडू फुस्स झाला. मग तिने हातातल्या चिंध्यांकडे पाहिलं.

मागून खदखदून हसण्याचा आवाज आला. रीहाम दारात उभी होती. तिचा पुढचा दात अर्धाच उगवला होता, हे इन्शिराहला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"तेता, तो तू विकत आणला होतास! वेडी आहेस का गं?"

"आहे. तुझ्या बापाला विचार."

रीहामने चिंध्या टोपलीत घालून स्वतः खाली सोडल्या. तामिर काहीतरी कुवेती उंटांबद्दल बोलला. ती कठड्यावरून त्याच्या कानांबद्दल बोलली. मग वळून म्हणाली, "दुसरा आण. आणि सुरी मला दे."

त्यानंतर रीहाम जेवायला आणि झोपायला तेवढी वर येई. गुडघे सोलले, रंग रापला, तोंडात गल्लीतल्या शिव्या आल्या. त्यांचे उच्चार इन्शिराहने सुधारून दिले. रात्रीच्या जेवणाला दोघी दिवसभराच्या भांडणांची उजळणी करत. गल्लीतल्या आया आता सल्ला विचारायला येत आणि इन्शिराह त्यांना उभं करून झापत असे, "रडणाऱ्या पोराच्या हातात फोन देणं म्हणजे अफू चाटवणं. लाजा नाहीत तुम्हाला."

सुट्टी संपली. नशवा न्यायला आली आणि लेकीला बघून तिने डोक्याला हात लावला. "आई, हिच्या गुडघ्यांचं काय केलंत?"

"वापरले."

टॅक्सी दाराशी आली तशी रीहामने आजीच्या झग्याला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. फत्ही, तामिर, सगळी गल्ली बघत उभी. इन्शिराहच्या मनात आलं, पोर आली तशीच परत गेली असती तर एक गाल पुढे करून निघाली असती आणि कोणाचंच काही दुखलं नसतं. आपणच हे ओढवून घेतलं. नशवा मुलीचे हात सोडवत होती आणि ते सुटत नव्हते. ते रडणं इन्शिराहला सहन होईना. तिने सुनेच्या पर्समधून फोन काढला आणि साऱ्या गल्लीसमोर नातीच्या हातात कोंबला.

"घे बाळा, लाव त्यावर काहीतरी. पण रडू नकोस."

रीहामने फोन घेतला, बाहीने नाक पुसलं, आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो परत तिच्या हातात दिला.

"तूच लाव," ती हुंदके देत म्हणाली. "तू पण रडतेयस."