तुटला का गो?

बोईसरहून आमच्या माहीम गावी घरी पोचले, की मी पायरी चढायच्या आतच बाबांचा प्रश्न यायचा, "काय गो, तुटला का?"

"तुटला."

"आज पन?"

"आज पन."

मग ते घरचंच काही नुकसान झाल्यासारखे चुकचुकायचे आणि पानवेलींकडे वळायचे. आई आतून म्हणायची, "तिला पानी तं पिऊ द्या!" आम्हा दोघांनाही ते ऐकू यायचं नाही.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा प्रयोगशाळेत काम करते. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा कार्बनच्या नळ्यांपासून आम्ही धागा काढतो. उद्या विमानाचे, पुलाचे भाग हलके आणि बळकट व्हावेत म्हणून हा खटाटोप. भट्टीच्या तोंडातून काळं जळमट तरंगत बाहेर येतं, ते चिमट्याने अलगद धरून ओढायचं आणि रिळावर गुंडाळायचं. एकेकटी नळी पोलादाला भारी, पण धागा झाला की सगळा दम जातो, कारण नळ्या एकमेकींना धरून राहत नाहीत, सरकतात. आमच्या गावच्या बैठकीसारखंच हे. आपापल्या घरी जो तो वाघ, चार जण एकत्र आले की कुणी कुणाला धरत नाही.

आणि धागा किती ताण सोसतो हे कळायला तो तुटेपर्यंत ओढावाच लागतो. उत्तमातला उत्तम धागाही यंत्रात शेवटी तुटतोच. हे मी बाबांना कितीदा समजावलं. त्यांनी एकदाही मानलं नाही.

"तोडायलाच करता, तं त्यानं बांदनार कदी?" ते विचारायचे.

बाबांचा सगळा जन्म बांधण्यात गेला. पानवेल वाढते तशी टेकूला बांधत जावी लागते. त्यासाठी केळीच्या खोडाचं वाळलेलं साल, म्हणजे सोपट, पाण्यात भिजवून मऊ करायचं, त्याची पट्टी सोलायची, वेलीभोवती दोन वेढे घ्यायचे, मध्ये बोट जाईल एवढी ढील ठेवून गाठ मारायची आणि उरलेलं शेपूट हिसका देऊन तोडून टाकायचं. सुरी नाही, कोयती नाही, नुसता हिसका. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला विचाराल तर तो हिसक्याचा. आमची वाडी समुद्राला लागून आहे, तरी लाटांचा आवाज मला त्याच्यानंतर आठवतो.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू परतला, पायही थोडा परतला. बोलणं परतलं नाही. भेटायला येणारे त्यांच्याशी ओरडून बोलतात, जणू ते बहिरे झालेत. मला अशा वेळी चहाची कपबशी आपटावीशी वाटते, आणि एकदोनदा मी आपटलीही आहे.

आता मी घरी येते तेव्हा बाबा ओसरीवर खुर्चीत असतात. माझ्याकडे बघतात. मी पायरीवर जरा थांबते, उगीचच चपला काढायला वेळ लावते. त्या एका प्रश्नासाठी जीव तुटतो माझा. पूर्वी त्याच प्रश्नाला कंटाळून मी मागच्या दाराने घरात शिरायचे, हे आठवलं की हसू येतं आणि मग हसू राहत नाही. बाबा विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते, "तुटला हो बाबा, आज पन." ते बघत राहतात. त्यांच्यापर्यंत काय पोचतं ते मला कळत नाही.

या हिवाळ्यात आमचा धागा सुधारला. तो आम्लात भिजवून, ओला असतानाच ताणला की नळ्या सरळ होतात, दाटीने बसतात आणि मग सहज सरकत नाहीत. बापाचं भिजलेलं सोपट बघून लेकीला युक्ती सुचली, अशी गोष्ट लोकांना फार आवडेल. तसं काही झालं नाही. आम्ही चौघं कित्येक महिने चुकत चुकत तिथे पोचलो.

चाचण्या संपल्यावर, स्वच्छ धुऊन वाळवलेल्या धाग्यांचा पीळ घालून केलेला हातभर दोरा उरला होता. साहेबांना विचारून मी तो घरी आणला. काळा, शिवायच्या दोऱ्याहून थोडा जाड, हातात वजन म्हणून नाही. बाबांच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, हा बघा तो."

त्यांनी तो चिमटीत धरला. मग शेजारच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवला. मी "अहो, हे सोपट नाही" म्हणणार होते, तोवर ते खांबाकडे वळलेही. ओसरीच्या खांबाशी आईने लावलेली पानवेल आहे, तिचा शेंडा टेकूवरून सुटून लोंबत होता. बाबा खुर्चीतूनच वाकले. त्यांनी शेंडा टेकूला लावला आणि दोन वेढे घेतले. मध्ये बोट घालून ढील पाहिली. गाठ हळूहळू, पण नीट बसली. मग उरलेलं शेपूट बोटाला गुंडाळून नेहमीसारखा हिसका दिला.

टेकू हलला. दोरा तसाच.

त्यांनी पुन्हा हिसका दिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. ओठ पुन्हा मिटायला लागले तेव्हा मला राहवेना. मीच विचारलं, "काय बाबा, तुटला का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मग खात्री करायला तिसऱ्यांदा ओढून पाहिला.