चौथ्या आठवड्यातला फोन

"वर नेलास ना? आता खाली कोण आणणार?"

हे वाक्य तिच्या तोंडी कायम असायचं. मुळात ते ऑक्सिजनबद्दल होतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ निळं पडायला लागलं की कुठलीही नर्स आधी घाबरून ऑक्सिजन वाढवते. बाळ गुलाबी होतं, मशीन ओरडायचं थांबतं, नर्स पुढच्या बाळाकडे वळते आणि वाढवलेला ऑक्सिजन तसाच राहतो. आपल्याला वाटतं, प्राणवायूच तो, थोडा जास्त गेला तर काय बिघडलं? बिघडतं. एवढ्याशा जिवाच्या डोळ्यांचा पडदा अजून तयार व्हायचा असतो, तो त्यानं खराब होतो. हे ती शिकून आली होती, आणि शिकून आल्यापासून ते वाक्य तिनं सगळीकडे लावायला सुरुवात केली. लिफ्टवाल्याला म्हणायची. आवाज चढवणाऱ्या सर्जनला म्हणायची, तेही हसत हसत. एखाद्या डॉक्टरनं बाळाच्या बापाला "एकदम फर्स्ट क्लास आहे, काळजीच नको" असं सांगितलं की माझ्या कानाशी लागायची. "आशा वर नेली बघ यानं. आता खाली कोण आणणार? आपणच."

तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला विचारता येत नाही आता.

तुम्हीही अशी एखादी सिस्टर पाहिली असेल. बुटकी, भरलेल्या अंगाची, केसांचा अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. राहायला घाटकोपरला, मूळची बुलढाण्याकडची. मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात आम्ही बरोबरच लागलो, मी थोडे महिने आधी. एनआयसीयूत, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या नि आजारी बाळांच्या कक्षात, ती बाळांना अहो-जाहो करायची आणि आम्हांला अगं-तुगं. काचेच्या पेटीवर वाकून विचारायची, "काय हो साहेब, इतक्या लवकर आलात, घाई होती का काही?" साहेब तळहाताएवढे. नाकात नळी. पण ती उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबायची.

मग नोकरीत असलेल्या नर्सेससाठी एक वर्षाचा खास अभ्यासक्रम निघाला, नवजात बाळांच्या अतिदक्षतेचा. हॉस्पिटल एकीलाच पगारी पाठवणार होतं. सीनियर मी होते. मी नाही म्हटलं. सगळ्यांना सासूबाईंचं आजारपण सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जाडजूड इंग्रजी पुस्तकांची भीती, आणि चाळिशीला टेकल्यावर विशीतल्या पोरींसमोर नापास व्हायची भीती. पहिली कबुली ही. ही त्यातल्या त्यात लहान आहे.

ती गेली. भीती तिलाही होती, पण ती भीती बोलून टाकायची. "माझी वाट लागणार आहे यार," असं म्हणत पुस्तकं उघडायची. अंधेरीच्या पलीकडे कॉलेज, तिथंच वॉर्डातली ड्यूटी, घरी यायला उशीर. त्या वर्षी तिच्या लेकीची बारावी होती. लेक स्वतःच उठली, स्वतःच डबा करून गेली, परीक्षेलाही एकटीच गेली. "पोरीचं एक वर्ष खाल्लं मी," असं ती नंतर म्हणायची. "ते वाया गेलं तर ती मला माफ करणार नाही."

श्वास थांबलेल्या बाळाला श्वास द्यायचा सराव बाहुलीवर करतात. कॉलेजातली बाहुली सगळ्या मुलींच्या हातून फिरायची, हिच्या वाट्याला जेमतेम यायची. म्हणून हिनं शेजारणीच्या नातीची बाहुली मागून आणली. थोड्याच दिवसांत बाहुलीची मान निखळली. नात रडून लाल. हिनं तिला नवी बाहुली आणून दिली, पण जुनी परत केली नाही. "पेशंट माझा आहे," म्हणाली, "सुट्टी मी देणार."

परत आली ती दुसरीच होऊन. पेट्यांवर जाड कापडं टाकून उजेड कमी केला. आयांना आत घेऊन बाळं त्यांच्या उघड्या छातीवर ठेवायला लावली. आणि फोन सुरू केले.

हे फोनचं नीट सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळाचे डोळे चौथ्या आठवड्यात तपासावे लागतात. पडद्यात गडबड असेल तर तेव्हाच लेझर करून नजर वाचवता येते. वेळ गेली की नजर गेली. पण तोवर पुष्कळ बाळं घरी गेलेली असतात. दूध पिणारं, हातपाय हलवणारं बाळ घेऊन पुन्हा हॉस्पिटलात कोण येतं? डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, इंग्रजीत. म्हणून ती स्वतःच्या मोबाईलवरून एकेका आईला फोन करायची. "पुढच्या आठवड्यात येते म्हणू नकोस गं. डोळे पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाहीत." आया घाबरून यायच्या. काही शिव्या देत यायच्या. पण यायच्या.

तोवर सीनियॉरिटीनं मी कक्षाची इन्चार्ज झाले होते. ती मला "इन्चार्जबाई" म्हणायची, त्यात चेष्टाही होती नि लाडही. एका दुपारी शिकाऊ मुली आमच्याभोवती उभ्या होत्या. एका बाळाचा ऑक्सिजन मी वाढवला होता, आणि मुलींना काहीतरी समजावण्याच्या नादात तसाच ठेवला होता. तिनं लांबून पाहिलं. जवळ आली, आणि मला अहो-जाहो करत म्हणाली, "इन्चार्जबाई, वर नेलात. आता खाली कोण आणणार?"

मुली हसल्या. मीही हसले. ऑक्सिजन तिनंच कमी केला.

तिचं बरोबर होतं. तिच्या मनात काही नव्हतं हेही मला माहीत होतं. पण जी जागा मी घाबरून सोडली होती, तिथं ती उभी होती, आणि त्या हसणाऱ्या मुली तिच्याकडे बघत होत्या. त्याच आठवड्यात मेट्रननं मला बोलावलं. हाडांच्या वॉर्डात माणूस कमी आहे, तुमच्याकडची एक द्या, कुणावाचून चालेल? मी तिचं नाव दिलं. वर म्हटलं, सगळ्या वॉर्डांचा अनुभव असलेला चांगला.

एक वर्ष खास शिकवून आणलेली सिस्टर हाडांच्या वॉर्डात. तुम्हांला नवल वाटेल. आमच्याकडे कुणालाच वाटलं नाही. बदली म्हणजे बदली, सगळ्यांची होते.

नवल वाटलं ते तिला एकटीला. ती जेवणाच्या सुट्टीत यायची. कक्षाच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टा आहे, बाहेरच्या चपला त्याच्या पुढे येत नाहीत. ती पट्ट्याच्या अलीकडे उभी राहायची आणि मला हाक मारायची.

"बोललीस मेट्रनशी?"

मी म्हणायचे, बोलते, मूड बघून बोलते.

"आज बघ ना मूड. अगं, मी तिकडे प्लास्टर सुकलं का ते बघत बसते. हातातलं जातं गं सगळं. मला रात्री झोपेत नळ्या दिसतात."

तिला वाटत होतं, बदली मेट्रननं केली आणि तिची बाजू घेणारी मी एकटीच आहे. माझ्यासाठी डब्यात जास्तीची पोळी आणायची. मी ती खायचे. मेट्रनशी मी कधीच बोलले नाही. तिनं स्वतः अर्ज केला, वर जाऊन भेटली, एकदा तर मेट्रनच्या केबिनबाहेर जेवणाची अख्खी सुट्टी उभी राहिली. इन्चार्जची मागणी असेल तर बघू, असं तिला सांगितलं गेलं. ते तिनं मला येऊन सांगितलं, मोठ्या आशेनं. आता तू फक्त मागायचंस, म्हणाली. मी मान डोलावली.

बदली झाली त्याच दिवशी तिनं मला मेसेज पाठवला होता. घरी गेलेल्या काही बाळांच्या आयांचे नंबर आणि कुणाला कधी फोन करायचा ते. खाली लिहिलं होतं, "एवढं कर गं, विसरू नकोस." मी वाचलं आणि फोन उपडा ठेवला. आता हिची कामंही मीच करायची? असं मनात आलं. शब्द न् शब्द आठवतो. फोन करायचं विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते.

काही महिन्यांनी ती पुन्हा पट्ट्याशी आली. बरोबर असल्फ्याच्या टेकडीवर राहणारी एक तरुण आई होती, कडेवर मुलगी. ती बाई तिला शोधत शोधत हाडांच्या वॉर्डात पोचली होती, कारण हॉस्पिटलात तिला ओळखीचं एवढंच माणूस होतं. मुलगी दिव्याकडे बघत नव्हती. कशाकडेच बघत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उशीर झालाय, चौथ्या आठवड्यात का नाही आणलंत?

आमच्या सिस्टरनं मला फक्त विचारलं. आवाजात आरोप नव्हता, आधार शोधत होती.

"हिला फोन केला होतास ना?"

"केला होता," मी म्हटलं. "लागला नाही."

मी आणखी काही बोलायच्या आत ती आईच म्हणाली, "आमच्या घरात रेंजच नसते ताई. पत्र्याखाली लागतच नाही फोन. मी दाराबाहेर ठेवायला पाहिजे होता."

ते मी तसंच राहू दिलं. आमची सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझी चूक नाही गं. फोनच लागला नाही तर तू काय करणार?" आणि ते माझ्याकडे बघून म्हणाली, म्हणजे मलाही समजावत होती.

त्यानंतर तिनं बदलीचं विचारणं सोडून दिलं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग एकदा जिन्यात भेटली तेव्हा मीच म्हटलं, परत येण्याचं काय? खरंच म्हटलं त्या वेळी. मेट्रनकडे जायची माझी तयारी होती.

ती म्हणाली, "कशाला गं? फोन करूनही जे व्हायचं ते झालंच ना. मी असते तर मीही फोनच केला असता. तोही लागला नसता." मग जरा थांबून म्हणाली, "उगाच पोरीचं वर्ष घालवलं."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या खोट्यानं त्या आईवर दोष आला, हे तर झालंच. पण जे ती जिवापाड शिकून आली होती त्याच्यावरचा तिचा विश्वासही त्यानं उडाला. मी एवढंच म्हणायचं होतं की फोन केलाच नव्हता. मग ती माझ्या तोंडावर थुंकली असती, आणि दुसऱ्या दिवशी तिनं एनआयसीयू परत मागितला असता. त्या जिन्यात माझ्या जिभेवर आलंही होतं. वरून कुणीतरी उतरत आलं, आणि ती गेली.

ती हाडांच्या वॉर्डातच राहिली. काम चोख करायची. ते वाक्य मात्र पुन्हा तिच्या तोंडून ऐकलं नाही. असल्फ्याच्या त्या मुलीला ती सुट्टीच्या दिवशी दवाखान्यांत नेते, पुढे शाळेचंही बघते आहे, असं कानावर यायचं. आयांना फोन मी करू लागले होते. एकही चुकवला नाही. त्याचं कौतुक करू नका.

पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो फार पुढे गेलेला होता. मी सांगायचं ठरवूनच भेटायला गेले. अंबाडा नव्हता, भुवया खाली आल्या होत्या, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटेना. मला बघून म्हणाली, "या इन्चार्जबाई. राउंडला का?" लेक शेजारी बसली होती. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं विचारलं, आयांना फोन कोण करतं आता?

"मी करते."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि माझा हात धरून तशीच झोपली. तो हात सोडवून घेऊन मी घरी आले.

ती गेल्यावर घाटकोपरच्या बुद्धविहारात तिचं पुण्यानुमोदन झालं. पांढऱ्या साड्यांत सगळ्या सारख्याच दिसत होत्या. वंदना झाली, चार माणसं तिच्याबद्दल चांगलं बोलली. लेकीनं मलाही बोलायला सांगितलं, घसा बसलाय म्हटलं मी. मग जेवणाच्या पंगती बसल्या. माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, आणि आमच्या दोघींच्या मध्ये तिनं आपल्या चारपाच वर्षांच्या मुलीला बसवलं. मुलगी मान जराशी तिरकी धरून आवाज ऐकत होती.

त्या बाईनं मला ओळखलं. "ताई, तुम्हीच ना त्या? मला फोन केला होता त्या?" ती पुढे म्हणाली, "सिस्टर मला सारखं सांगायच्या, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. पण चूक माझीच ना. अजून मी फोन दाराबाहेर टांगून ठेवते. रोज."

तेव्हा मी सांगितलं. फोन केलाच नव्हता. नंबर माझ्याकडे होता, कधी करायचा ते माहीत होतं, तरी केला नव्हता. आणि तुझ्यासमोर खोटं बोलले. एवढंच. कारणं सांगितली नाहीत.

वाढपी डाळ घालून पुढे गेला.

"सिस्टरना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग बरं," ती म्हणाली.

तिनं मुलीचं ताट उचललं, दुसऱ्या हातानं मुलीला उठवलं आणि समोरच्या पंगतीत जाऊन बसली. स्वतःचं ताट न्यायला ती परत आली नाही. तिथं बसून तिनं मुलीचं बोट धरलं आणि ते ताटावरून हळूहळू फिरवलं. हा भात. ही डाळ, गरम आहे, थांब. इथं बटाट्याची भाजी. आणि इथं, या कडेला, बुंदी. मुलीनं एकदा पुन्हा आपल्या आपण बोट फिरवून सगळं तपासलं, आणि मग जेवायला लागली.