नव्या हौदाची परवानगी

चिंचवडला पवनेच्या काठी आमचा द्राक्षासवाचा कारखाना होता. दारूबंदीचे दिवस. आसव औषध म्हणून चाले; पण द्राक्षं, गूळ आणि धायटीची फुलं हौदात आंबली की त्यात नशा येतेच, म्हणून सरकारचा सारखा पहारा. खप वाढला तशी मालकांनी मागे नवी शेड घेतली, जमिनीत तीन खोल हौद बांधले. देखरेख माझी. वय सव्वीस, राहायला आवारातलीच खोली, बायको गरोदर.

आंबताना सुटणारी जड, गुदमरवणारी हवा खाली साचते. तिला वाट मिळावी म्हणून शेडच्या भिंतींच्या तळाशी झरोके ठेवले होते. दारूबंदीचे इन्स्पेक्टर म्हणाले, इथून नळी घालून माल बाहेर जाईल. हे बुजवल्याशिवाय परवानगी नाही. धोका मला ठाऊक होता. तरी मीच उभा राहून झरोके विटांनी बंद करून घेतले.

चाचणीचं पहिलं आसव काढल्यावर इन्स्पेक्टर हौद तपासायला आले. तळाशी गाळ होता. तो काढणारा गडी चाकणकडचा, गळ्यात तुळशीची माळ. त्याने आसवाचा थेंब कधी चाखला नव्हता. बाकीचे त्याला चिडवायचे, "राव, ह्याला मिठाईच्या दुकानात ठेवलाय अन् साखर वर्ज्य."

"आधी कंदील सोडून बघू, दादा," तो म्हणाला. "इझला तर थांबू."

"साहेब खोळंबलेत. उतर तू," मी म्हणालो.

कमरेला दोर बांधून तो उतरला. दोन पाट्या भरल्या आणि तोंडावर पडला. दोर होता म्हणून ओढून काढता आला. श्वास चालू होता, कपड्यांतून आसव गळत होतं.

"प्यायलाय का हा?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मालक माझ्याकडे बघत राहिले. हवेचं नाव काढलं असतं तर झरोक्यांचा विषय निघाला असता, परवानगी गेली असती, आणि विटा मी लावून घेतलेल्या.

"असेल," मी म्हणालो.

तसा कागद झाला. खाली माझी सही. मालकांनी रदबदली करून खटला टाळला, पण त्याला कामावरून काढलं.

चौथ्या दिवशी तो थोरल्या भावाला घेऊन फाटकाशी आला.

"काम ऱ्हाऊ द्या, दादा. फकस्त ह्यांना सांगा. मी प्यालो हुतो का?"

मागच्या खिडकीत मालक बसले होते.

"कागदावर आहे ते आहे," मी म्हणालो.

"काढ माळ," भाऊ त्याला म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली आणि भावाच्या तळहातावर ठेवली.

परवानगी आली. नव्या शेडची किल्ली मला मिळाली. पिंपरीत मोठ्या कंपन्या येत होत्या, ओळखीतले तिकडे लागत होते. मी दोनदा विषय काढला. मालक शांतपणे म्हणाले, "जा की. उद्या चौकशी निघाली तर तुमच्या सहीचं काय ते तुम्हीच निस्तरा." मी तिथे चौदा वर्षं काढली. मुलं त्याच आवारात मोठी झाली.

मालक गेल्यावर कारखाना बंद पडला, तेव्हा मी त्या गड्याच्या गावी गेलो. थोरला भाऊ आदल्या वर्षीच वारला होता. हा गोठ्यापाशी कडबा तोडत होता, गळा मोकळा. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: झरोके, विटा, सही.

त्याने हातातला कोयता खाली ठेवला.

"मला म्हाईतच हाय की, दादा. मी प्यालो न्हवतो ते मला कशाला सांगताय?"