खारीची किंकाळी

आमच्या ऑफिसात त्याला सगळे धडपड्या म्हणायचे. कामच तसं होतं. एका येऊ घातलेल्या कार्टून सिनेमावरून आम्ही गेम बनवत होतो. त्यातल्या खारीला दिवसभर फांद्या-फळ्यांवरून उड्या मारायला लावायचं, मुद्दाम दरीत पाडायचं आणि कुठे काय बिघडतंय ते कळवायचं. शेजारच्या खुर्चीवर मी, त्याच कामाला. लोकांना वाटतं, आम्ही खेळण्याचा पगार घेतो. या म्हणावं, बसा माझ्या जागेवर!

खारीचा आवाज त्याच्या बायकोचा. बाई इतकी वर्षं सिनेमांत गर्दीतली आरडाओरड करत आलेली, हे तिचं पहिलंच स्वतःचं काम. खारीला आवाज कोणाचा द्यायचा, याचं सिनेमावाल्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, तेव्हा आम्ही गेमसाठी तिचं हसणं, धापा, पडतानाची किंकाळी रेकॉर्ड करून घेतली. पुढे तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

नेमकं तेव्हाच सिनेमावाल्यांनी एक नामवंत नटी घेतली. मग गेममध्येही तिचाच आवाज हवा! जुना कुठे राहिलाय ते हुडकायचं काम कोणाला? धडपड्यालाच. माझं तर डोकंच फिरलं.

"अरे, साहेबांना सांग ना!"

"सांगितलं. म्हणाले, वाईट वाटतं रे, पण आपल्या हातात काय आहे?"

तो मुकाट्याने एकेक जागा कळवत गेला. एकच किंकाळी ठेवली, धबधब्यामागच्या कपारीतली. तिथे सहसा कोणी फिरकत नाही.

"एवढी राहू दे," तो मला म्हणाला.

"मी काही ऐकलंच नाही," मी म्हटलं.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती इतकी खुलली, की तिने खारीला तिथवर कसं न्यायचं ते त्याच्याकडून शिकून घेतलं.

आणि सिनेमावाल्यांच्या माणसाला ती जागा सापडली! मेला तिथे कशाला तडमडला, देव जाणे. आवाज काढून टाकला, आणि तो खरंच गेलाय का हे तपासायला काम परत धडपड्याकडे. त्याने खारीला कपारीत पाडलं. नटीची किंकाळी आली. पुन्हा पाडलं. पुन्हा तीच.

"बास कर रे," मी म्हटलं. मला बघवेना.

तेवढ्यात बायकोचा मेसेज आला. गेम कधी येतोय? मैत्रिणींना घरी बोलावतेय, कपारीत मीच उडी मारणार!

त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काय सांगू हिला?"

मग त्यानेच फोन परत घेतला, "शुक्रवारी" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.