दमणी घ्यावी का बंडी

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे धाडच्या बाजाराच्या दिवशी, सुताराच्या दारात, भर दुपारी, दुसऱ्याच्या बैलबंडीत आडवं होऊन पाहणं. लोक पाहून राहिले होते. म्हटलं पाहू दे. खाट घेतानाही माणूस एकदा पाठ टेकून पाहतो. इथं तर उरलेलं आयुष्य ज्याच्यात काढायचं ते घर घ्यायचं होतं.

त्या वर्षी शेत मी पोराच्या हवाली केलं होतं. पोरगा कामाचा आहे. पण मी बांधावर उभा राहून त्याच्या चुका काढायचो आणि तो खाली मान घालून ऐकायचा. असं किती दिवस चालणार? जुनी बैलजोडी त्याने माझ्याकडेच ठेवली होती. त्या जोडीला काम नव्हतं, मलाही नव्हतं. मी बायकोला म्हटलं, चल, आता आपण गाडीतच राहू. जिथं बरं वाटेल तिथं सोडू, कंटाळा आला की जुंपू. मला वाटलं ती वेड्यात काढेल. तिने फक्त विचारलं, गाडी कोणती घेता?

नवीन राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. एसटीच्या गाड्या वाढल्या होत्या. पोरगा म्हणे, आता बैलगाडीत कोण फिरते बाबा, तिकीट काढा आणि बसा. त्याची माय म्हणाली, "तुहा कंडक्टर एसटीत चूल मांडू देते काय?" एसटीचा विषय तिथंच संपला.

मग राहिल्या बैलाच्या गाड्या. मला विचाराल तर रेंगी बाद. ती लहान, एकट्या माणसाने तालुक्याला जाऊन यायला ठीक. माझं मन दमणीवर होतं. वरून बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, आत गादी, चाकं हलकी, बैल नुसता इशारा दिला की पळतात. लग्नात नवरदेव दमणीतून येतो. जन्मभर मी शेणखत आणि कडबा वाहिला, म्हातारपणी तरी थाटात बसावं असं मला वाटत होतं. बंडी म्हणजे लांबरुंद ओझ्याची गाडी. तीत थाट नाही, पळणं नाही, दगडावरून गेली की दात वाजतात.

सुताराच्या दारात त्या दिवशी दोन्ही उभ्या होत्या. दमणी कुण्या पाटलाची, बंडी शेतकऱ्याची. सुतार ओळखीचा, म्हणाला बसून पाहा. आधी दमणीत गेलो. बसायला राजेशाही. निजायला गेलो तर माझे गुडघे छातीला लागले, आणि तिचं डोकं तट्ट्याला.

"पोटातल्या लेकरासारखं झोपा लागन," ती म्हणाली.

मी म्हटलं, रात्रीपुरतंच तर निजायचं, दिवसा तर गाडी चालणार. त्यावर ती म्हणाली की गाडी दिवसातून थोडी चालेल आणि जास्त उभीच राहील, बैल काय तुमच्यासारखे आहेत का फिरायला सोकावलेले. हे मला मनातल्या मनात पटलं.

मग बंडीत गेलो. बैल सोडलेले होते, जू पुढं टेकूवर ठेवलं होतं. आम्ही दोघं मागच्या बाजूने चढलो आणि मागंच आडवे झालो. इतकी वर्षं गाडी हाकलेला मी माणूस, आणि माझ्या ध्यानात आलं नाही की मागं वजन पडलं की बंडी उलाळ होते. जू आभाळात गेलं, आम्ही दोघं घसरत घसरत थेट सुताराच्या भुशात. ती आधी घाबरली, मग अशी हसली की तिला उठता येईना. सुतार आणि गिऱ्हाईकं धावली. एक जण म्हणाला, "आजोबा, गाडी घ्याले आले का घसरगुंडी?" सुताराने मागंही एक टेकू लावला आणि आम्हाला पुन्हा चढवलं. माझी इच्छा नव्हती. तिची होती.

या खेपेस बंडी हलली नाही. मी एका कडेला आडवा झालो. ती दुसऱ्या कडेला, पार टोकाला. मधात हातभर जागा सोडली.

मी म्हटलं, "काऊन? भांडली काय माह्याशी?"

"तिथं लेक निजन," ती म्हणाली.

आमच्या दोन लेकी. मोठी रोहिणखेडला, धाकटी पार तिकडं संग्रामपूरला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्यात लेकीच्या घरचं खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. काही घरांत नातू झाला की हे सुटते, आमच्यात सुटत नाही. बरोबर का चूक ते मला विचारू नका, माझ्या बापाने पाळलं म्हणून मीही पाळलं. म्हणून लेकीच्या गावी जायचं तर सकाळी जा, ओट्यावर बसा, उपाशी पोटी हसून बोला, आणि संध्याकाळच्या आत गाव सोडा. तिच्या मायला तर तेही दोन-चारदाच घडलं. आणि लेकींना घरी आणायचं म्हटलं तर कधी त्यांची सुगी, कधी सासूचं दुखणं.

तिने पडल्या पडल्याच सांगितलं. "आपल्याले तिच्या घरी राह्यता येत नाई ना? मंग तिच्या शिवारात बंडी सोडू. आपली चूल, आपलं पीठ. ती दोन रोज माहेरी येईन. तुमच्या दमणीत माहेर मावते काय?"

मी तट्ट्याचा, थाटाचा विचार करत होतो आणि ही बाई माहेर मोजत होती.

तरी मी हट्ट सोडला नाही. मी म्हटलं, रोहिणखेडला जायचं तर राजूरचा घाट उतरावा लागते, जड बंडी बैलांच्या मानेवर येईल. ती म्हणाली, घाटात मी खाली उतरून चालेन, तुम्हीही उतरा, तेवढंच वजन कमी. सुताराला सांगितलं पुढच्या बाजाराला नक्की सांगतो. घरी येईपर्यंत वाटेत आमचं तेच चाललं होतं. दमणी. बंडी. दमणी. बैलांनासुद्धा पाठ झालं असेल.

पुढचा बाजार तिने पाहिला नाही. ताप आला. आधी काढा दिला, मग बुलढाण्याच्या डॉक्टरकडे नेलं. ताप उतरला नाही, ती गेली. याच्यापुढं मला त्यातलं लिहायचं नाही.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. संध्याकाळी दोन्ही लेकी ओट्यावर बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होत्या. मोठी म्हणाली की मायने जाणाऱ्या-येणाऱ्याजवळ निरोप पाठवला होता, बंडी सोडायला जागा पाहून ठेव. तिने पाहूनही ठेवली होती. ओढ्याच्या काठी, चिंचेखाली, विहीर जवळ. सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली होती, तुझी माय येते तर मीही येऊन बसेन चुलीपाशी. धाकटीला निरोप पोचलाच नव्हता. तिला हे तेव्हाच कळलं, आणि ती खूप रडली.

मला ठाऊक नव्हतं. मी तिकडं गादीचा विचार करत होतो, आणि हिने बंडी घ्यायच्या आधीच लेकीकडून तिची जागा पाहून घेतली होती.

मी म्हटलं, "जागा मोडू नको. मी येतो."

मोठी म्हणाली, "अन् भाकर कोण टाकन बाबा? आमच्या घरचं तर तुमी खात नाई."

"मी टाकीन."

धाकटी डोळे पुसता पुसता हसली. मोठीही हसली. हसण्यासारखंच होतं. जन्मभर मी चुलीजवळ गेलो तो फक्त विडी पेटवायला. सून आतून म्हणाली, मामंजी, पीठ कोणत्या डब्यात आहे ते तरी माहीत आहे का? माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. चूल पेटवली. ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, असं करता करता घरभराला पुरेल एवढा गोळा झाला. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी तव्याला चिकटली, ती खरवडून कुत्र्याला टाकली. तिसरी उचलली गेली. जाड होती, एका बाजूला करपली होती, पण गोल म्हणता आली असती. तोवर मोठी उठून आली आणि परात ओढायला लागली.

"सरका बाबा. डोळे पाहा किती लाल झाले धुरानं."

"तू बस तिकडं," मी म्हटलं. "माहेरी आलेल्या पोरीले कोणी चुलीपुढं बसवते काय?"

ती बसली. धाकटीही आली. मी भाकर मधात मोडली, वर तेल-तिखट घातलं आणि दोघींपुढं ठेवली. मोठीने पहिला घास बराच वेळ चावला. कड कच्ची हाय, म्हणाली. धाकटी म्हणाली, तिखट चांगलं हाय. पण दोघींनी काही टाकलं नाही.

त्यांचं खाऊन झाल्यावर हात धुतले, बैल पाजले आणि धाडची वाट धरली. त्या दिवशी बाजार नव्हता, सुतार एकटाच रंधा मारत होता. त्याला खबर होती, त्याने रंधा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला की आता एकट्यालाच तर राहायचं, दमणी करून देतो, आरामाची.

मी म्हटलं बंडी. लांब कर, रुंद कर, आणि मागं चुलीपुरती फळी जास्त सोड.