एका ऑस्ट्रेलियन बाईचा मराठी आवाज

ती बाई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. राहते ऑस्ट्रेलियात, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात, एकटी. मी राहते बोईसरला, समुद्रापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि मीही एकटीच. आम्ही कधी भेटलो नाही, भेटणारही नाही. मी या जगात आहे हेसुद्धा तिला ठाऊक नाही. पण मराठीत ती जे काही बोलली, रडली, खोकली, शिंकली, ते सगळं माझ्या घशातून आलेलं आहे.

ती टीव्हीवरची नटी. एका मोबाईल अ‍ॅपवाल्यांनी तिच्या तीन मालिका घेऊन मराठीत आणल्या आणि तिन्हींना आवाज माझा लागला. गंमत म्हणजे मालिका उलट्या क्रमाने आल्या. आधी पन्नाशीची विधवा, हायवेवर मोटेल चालवणारी. मग चाळिशीतली पोलीस इन्स्पेक्टर. आणि मग विशीतली नर्स, जिच्यामुळे ती मुळात प्रसिद्ध झाली होती. म्हणजे मी तिला आधी म्हातारी केली आणि मागून तरुण. छप्पन्नाव्या वर्षी मला लाडे लाडे बोलणारी नर्स करायला लावली. आमचे डबिंगचे दिग्दर्शक म्हणाले, "ताई, तोंड हसरं ठेवा, वय आपोआप कमी होतं." माझे तर गाल दुखून आले. मोटेलचे नवे भाग मात्र अधूनमधून येत राहिले, त्यामुळे दर वर्षी पुन्हा म्हातारी व्हावं लागायचं.

तिच्या मुलाखती मी शोधून शोधून पाहिल्या आहेत. आवाज द्यायचा तर माणूस माहीत हवं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे संध्याकाळी मला दुसरं काही करायला नसतं. तिचा बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा. बाराव्या वर्षी ती लहान मुलांच्या मालिकेत आली, विसाव्या वर्षी नर्स झाली आणि चार वर्षं अख्खा देश तिला ओळखत होता. मग डोक्यात हवा गेली म्हणा किंवा कुणी तसा सल्ला दिला म्हणा, नाटकात नाव काढायला इंग्लंडला गेली. तिथे दोन वर्षं मोलकरणीच्या कामात फक्त दारं उघडली. परत आली तर लोक तिला विसरलेले. बेकरीत पाव विकायला उभी राहिली. गिऱ्हाइकं म्हणायची, तुम्ही त्या नर्ससारख्या दिसता. ती म्हणायची, हो, बरेच जण म्हणतात तसं. हे ती हसत हसत सांगते. मला मात्र ऐकताना गलबलून आलं होतं.

मला कुणी ओळखतच नव्हतं, त्यामुळे विसरायचा प्रश्नही आला नाही. किनाऱ्यावरच्या घिवलीला मी मासळी घ्यायला जाते. तिथल्या एका मासळीवालीला कुणीतरी सांगितलं, या टीव्हीत असतात. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी टीवीत हाय? मंग मना कदी दिसल्या नाय त्या?" म्हटलं, बोलते मी, दिसते दुसरीच बाई. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बाय, मंग त्यात तुमचा काय?"

आम्ही मूळचे सोलापूरकडचे. हे तारापूरला वीजकेंद्रात नोकरीला होते. कॉलनीच्या गणपतीत मी नाटकं करायची, तिथेच परीक्षक म्हणून आलेल्या या दिग्दर्शकांनी मला हेरलं. मग आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या गाडीने मुंबईचा स्टुडिओ. वैतरणेचा पूल आला की ओठ मिटून गुणगुणायचं, घसा मोकळा होतो. समोरच्या बायकांना वाटायचं मी स्तोत्र म्हणतेय, त्या बिचाऱ्या हात जोडून बसायच्या.

स्टुडिओचा एक कडक नियम होता. बूथमध्ये जाताना फोन बाहेरच्या टोपलीत टाकायचा, कारण त्याची घरघरसुद्धा माइकमध्ये येते. आत काचेच्या खोलीत तुम्ही, कानात ती, आणि पडद्यावर तिचे ओठ. जग बुडालं तरी कळायचं नाही.

सहा वर्षांपूर्वीचा तो मंगळवार मोटेलच्या एकशे बाराव्या भागाचा होता. त्यात बाई स्वयंपाकघरात हसत सुटते. कशावर, ते दाखवलेलंच नाही. नुसती हसते, टेबलाला धरून, चांगला अर्धा मिनिट. मला ते जमेना. दहा टेक झाले. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, हे गणपतीच्या नाटकातलं हसू आहे. घरात हसता तसं हसा." तेव्हा मी डोळे मिटले आणि मला केळवे आठवलं. मुलगी आठेक वर्षांची होती तेव्हाचं. हे कमालीचे सभ्य, भाजीवालीलासुद्धा अहोजाहो करायचे. किनाऱ्यावर लाटेने यांची एक चप्पल नेली, तर हे पँट वर धरून तिच्यामागे पळाले आणि समुद्राला ओरडले, "अहो! अहो, थांबा जरा!" मी वाळूत बसून हसले होते, पोट दुखेपर्यंत. ते आठवलं आणि अकरावा टेक एका दमात ओके झाला. बाहेरच्या पोरींनी काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन टोपलीतला फोन उचलला तर मुलीचे नऊ फोन येऊन गेले होते.

ती रजेवर घरी आली होती. यांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा तिने एकटीने त्यांना रिक्षात घातलं, एकटीने दवाखान्यात नेलं आणि एकटीने सगळं ऐकून घेतलं. मी पोचले तेव्हा ती बाकावर बसली होती, मांडीवर यांचा चष्मा. ती म्हणाली, "दाराकडे बघत होते." नंतर तिने एकदाच विचारलं, तू काय करत होतीस? मी म्हटलं, काम चालू होतं गं, फोन बाहेर होता. काम म्हणजे काय, हे मी सांगितलं नाही. माझी जीभच रेटली नाही. नवरा दाराकडे बघत गेला आणि त्या वेळी मी खदाखदा हसत होते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

वर्षभरात ती नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेली. जगात एवढे देश पडलेत, हिला नेमका तोच मिळाला. दर रविवारी सकाळी अकराला फोन येतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाणी येतंय का. दहा मिनिटं. मला ती कधी वाईट शब्द बोलली नाही, आणि मला वाटायचं, एकदा बोलावं. भांडायला तरी माणूस जवळ यावं लागतं. फोन ठेवला की मी पंख्याखाली बसून राहायची. अकरा वाजून अकरा मिनिटांनी पुढचा रविवार फार लांब वाटतो. खूप लांब.

मालिकेचं नाव तिने कधी काढलं नाही. मीही काढलं नाही.

गेल्या वर्षी कळलं की आमची बाई निवृत्त होतेय. मोटेलचा शेवटचा भाग आला. त्यात बाईची मुलगी शहरात कायमची राहायला निघते. बाई सिंकपाशी कप विसळत उभी, पाठमोरी. मागे दार लागल्याचा आवाज. ती वळत नाही. काही बोलत नाही. कप मात्र विसळतच राहते.

पाठमोरा शॉट म्हणजे आमच्या कामातली मोकळी जागा. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे लांबलेलं, राहून गेलेलं, प्रेक्षकांना समजावून सांगायचं असलेलं वाक्य तिथे घालता येतं. सगळेच घालतात. मी आजवर त्या बाईच्या पाठीवर शंभरेक वाक्यं चिकटवली असतील, सगळी दिग्दर्शकांनी लिहून दिलेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं घातलं. कागदावर काहीच नव्हतं. कप विसळायचा आवाज येत होता आणि मी म्हणाले, "फोन बाहेर होता गं. ऐकू आला असता तर धावत आले असते."

दिग्दर्शकांनी काचेतून पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे गेले त्या दिवशी स्टेशनवर तेच मला सोडायला आले होते. थोड्या वेळाने माझ्या कानात त्यांचा आवाज आला, "मूळमध्ये इथे काही नाही, ताई." मग म्हणाले, "पाठच आहे. चालेल." मालिकेतल्या मुलीचीही आईवर नाराजी होतीच, कुठल्या मुलीची नसते, त्यामुळे ते वाक्य खपून गेलं.

भाग अ‍ॅपवर आला आणि मी रविवार मोजू लागले. पहिल्या रविवारी गोळ्या, पाणी. दुसऱ्या रविवारीही तेच. पाचव्या-सहाव्या रविवारी मी आशा सोडली. स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोरीशी सरळ बोलायची हिंमत नाही म्हणून परक्या बाईच्या पाठीआड लपणारी आई! त्या दुपारी मी घिवलीच्या किनाऱ्यावर जाऊन वीजकेंद्राकडे बघत बसले. मासळीवालीने विचारलं, "आज काय नको?" म्हटलं, नको.

त्यानंतर कधीतरी एका रविवारी गोळ्या झाल्या, पाणी झालं, आणि फोन ठेवायच्या वेळी ती म्हणाली, "आई, इंग्रजीत ती गप्प आहे."

"कोण?"

"तुझी बाई. सिंकपाशी. मी दोन्ही भाषांत बघितलं. इंग्रजीत ती काहीच बोलत नाही."

मी उठून पंखा बंद केला. ती म्हणाली, "फोन बाहेर होता ते मला माहितीये. तू आत काय करत होतीस?"

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न. या वेळी मी उत्तर दिलं. "हसत होते."

मला वाटलं, संपलं, आता रविवारसुद्धा गेला. मग तिने विचारलं, "कितवा भाग?"

"एकशे बारा."

"थांब, ठेवू नकोस." काहीतरी दाबल्याचे आवाज आले. आणि मग हजारो मैलांवरून, तिच्या खोलीतून, माझंच हसू मला ऐकू आलं. मी ते पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. फोन कानापासून लांब धरावासा वाटला, पण धरला नाही. अर्धा मिनिट ते चाललं. थांबलं. तिने परत लावलं.

"आई," ती म्हणाली, तिचा आवाज भिजलेला होता, "हे केळव्याचं हसू आहे."

"हो," मी म्हटलं. "तेच आठवलं होतं मला."

ती बराच वेळ रडत होती. मीही रडले. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "चप्पल मिळाली होती का गं बाबांना?"

"नाही," मी म्हणाले. "एकाच चपलेवर घरी आले होते."