खड्डे मोजणारी टॅक्सी

सलीमभाईंनी गाडी चहाच्या टपरीपाशी उभी केली. मी नेहमीप्रमाणे मागच्या चाकाच्या आत हात घालून शॉक अ‍ॅब्झॉर्बर चाचपला. कोमट होता. मागच्या आठवड्यापर्यंत याच फेरीनंतर त्याला हात लावता येत नव्हता. या आठवड्यात तो रोज थोडा कमी तापत होता, पण आज फारच. दुसऱ्या बाजूचाही पाहिला. तोही तसाच.

"सलीमभाई, डांबरी रस्त्याने फिरून आलात का?"

"क्या साब. मीटर देखो. पूरे पहाड का चक्कर मारके आया."

मीटर बरोबर होतं. आणि हेच मला आवडलं नाही.

शॉक अ‍ॅब्झॉर्बर म्हणजे काय ते सांगतो. गाडीचा धक्का स्प्रिंग झेलते, पण एकदा दबलेली स्प्रिंग उड्या मारत राहते. त्या उड्या थांबवायचं काम शॉकचं. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. दर धक्क्याला तेल त्या भोकांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून खराब रस्त्यावर शॉक तापलाच पाहिजे. तापला नाही तर त्याने काम केलं नाही, किंवा त्याला काम मिळालं नाही.

आमची कंपनी चिकलठाण्याला होती. स्कूटरचे शॉक आम्ही आधीपासून बनवत होतो. वाळूजकडे नवनवे शेड उभे राहत होते आणि एका मोटार कंपनीने आमच्याकडून मोटारीचे शॉक घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच, रोड टेस्टचा रिपोर्ट. तो पास झाला तर नवी लाईन कायम होणार होती. नाही झाला तर ट्रायलसाठी घेतलेल्या सगळ्या पोरांना घरी पाठवायचं होतं. त्यांतल्या बहुतेकांची ही पहिलीच नोकरी होती.

आमच्याकडे टेस्ट ट्रॅक नव्हता, टेस्टची गाडीही नव्हती. म्हणून स्टेशनवरची सलीमभाईंची अ‍ॅम्बॅसॅडर भाड्याने घेतली. स्टीअरिंगला दुसरा कोणी हात लावणार नाही, ही त्यांची अट होती. रस्ता मी निवडला. खुलताबादच्या पुढे डांबरी रस्ता सोडून डोंगरावर चढणारी कच्ची वाट. दोन्ही अंगांना सीताफळी, मध्ये मध्ये फुललेले पळस, आणि वळणावर आलं की खाली दूरवर देवगिरीचा किल्ला. इतका देखणा रस्ता आणि इतका वाईट रस्ता मी एकाच ठिकाणी पाहिला नव्हता. टेस्ट रिपोर्टमध्ये रस्ता किती खराब आहे तेही द्यावं लागतं. म्हणून पहिल्या दिवशी मी जागोजागी उतरलो आणि टेप लावून खड्ड्यांची खोली मोजली.

त्यानंतर माझ्यासाठी गाडीत जागा राहिली नाही. प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती मागे-पुढे रचली होती. सलीमभाई एकटेच फेऱ्या मारत आणि मी फाट्यावरच्या टपरीत बसून दर फेरीला तापमान घेत असे. शॉकचा पहिला सेट टेस्टमध्ये नापास झाला. सील, म्हणजे तेल आत अडवून धरणारी रबरी चकती, गळत होती. ती बदलून दुसरा सेट लावला. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर मोर्चे आणि बंद चालू होते. बंद असला की टेस्ट एक दिवस पुढे जाई. आमचे वर्क्स मॅनेजर परांजपे साहेब रोज एकच विचारायचे, "कधी?" दुसऱ्या सेटचे पहिले आकडे इतके सुंदर आले की त्यांनी रिपोर्टची सुरुवात टाईपसुद्धा करून घेतली.

कोमट शॉक हाताला लागला त्या दिवशी मी पुढची पोती उतरवली आणि सलीमभाईंच्या शेजारी बसलो.

पहिल्या वळणावरच उलगडा झाला. खड्डे नव्हते. मुरूम टाकून, वर पाणी मारून, चोपून भरलेले होते.

"सलीमभाई, हे कधी झालं?"

"चार-पाँच दिन से थोडे-थोडे भर रहे. मैं समझा कंपनीनेच भरे."

"कंपनी खड्डे कशाला भरेल? खड्ड्यांसाठीच आपण इथं आलो."

"मेरेकू क्या मालूम साब. मेरी गाडी का तो भला हो रहा था."

अर्ध्या वाटेवर एक नाला आडवा येतो. त्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा मात्र होता तसाच उखडलेला होता. तो ओलांडून वर गेलो तर धनगरवस्तीच्या तोंडाशी माणसं उभी. त्यांतले म्हातारे बिरूतात्या पुढे आले.

"या साहेब. बस कवापासून सोडताव?"

"कुठली बस?"

"आता मस्करी नका करू. खड्डे मोजून नेले तुमी. रोज गाडी फिरवून बघताव. यष्टीचे नसताल तर कशाचे?"

मी सांगितलं, आम्ही फॅक्टरीचे. गाडीच्या खालच्या नळ्या तपासतोय. बिरूतात्यांनी खाली वाकून नळ्या पाहिल्या.

"ह्या दोन नळ्यांसाठी?"

"हो."

"अन् खड्डे कशाला मोजले?"

"आम्हाला खराबच रस्ता लागतो, तात्या."

"मग सांगायचं की. आमी कशाला भरला असता?"

मागे कोणीतरी हसलं, पण बिरूतात्या हसले नाहीत. खड्डे जास्त निघाले तर बस नामंजूर होईल, म्हणून वस्तीने मेंढरं राखायला दोघांना ठेवून बाकी सगळे हात मुरमाला लावले होते. मी विचारलं, मग नाल्याजवळचं का राहिलं?

"नाल्यापल्याड खालच्या वस्तीचं. त्यांनी त्यांचं भरलं, आमी आमचं. मधलं कोनाचंच नाय."

खालची वस्ती बौद्धांची. नामांतरावरून झालेल्या जाळपोळीपासून दोन्ही वस्त्यांचं बोलणं तुटलं होतं. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच काम केलं होतं. परतताना मी तिथंही उतरलो आणि खरं ते सांगितलं. गयाबाई नावाच्या बाई रोजगार हमीच्या कामावर मुकादम होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बस नाय तर नाय. रस्ता तर झाला," त्या म्हणाल्या. "पोरी सातवीनंतर घरीच बसत्यात, म्हणून धडपड. यष्टीवाल्यास्नी कसं आनायचं तेवढं सांगा."

"अर्ज द्या. डेपोचा माणूस रस्ता पाहायला येतो."

"अर्ज दोनदा दिला. साहेब म्हनले, तिथवर यायलाच रस्ता नाय, पाहायला कसा येऊ?"

"गाडी आम्ही देऊ. पण नाल्याजवळचा पट्टा भरावा लागेल."

गयाबाईंनी वरच्या वस्तीकडे पाहिलं. "सांगा तात्याला, सोमवारी टोपल्या आना म्हनावं. मुरूम आमच्याकडनं."

कंपनीत परतल्यावर मी परांजपे साहेबांना सगळं सांगितलं.

"रिपोर्ट टाईप झालाय," ते म्हणाले.

"फाडावा लागेल सर."

"खड्डे भरले म्हणून शॉक वाईट ठरतो का?"

"नाही. पण चांगला आहे हेही ठरत नाही. आपण फक्त वाळू फिरवून आणली."

"आणि परत टेस्ट करून फेल झाला तर? त्या पोरांना तुम्ही सांगणार?"

"सांगेन. आज पास करून पाठवला तर वर्षभरात गळके शॉक परत येतील. मग लाईनवरचे सगळेच घरी जातील."

परांजपे साहेबांनी टाईप केलेली पानं गोळा केली. मग त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच फाडा. मला बघवणार नाही."

सोमवारी नाल्याजवळ दोन्ही वस्त्यांची माणसं आली. बोलणं कामापुरतंच झालं, "पाटी सरकव", "पानी मार" इतकंच. पण पट्टा भरला. त्याच आठवड्यात डेपोच्या साहेबांना आणायचं ठरलं. आदल्या दिवशी मी सलीमभाईंना गाडीचे जुने शॉक परत बसवायला सांगितले.

"नक्को साब. नए रहने दो. झटका कम लगेगा, तो साब खूश, बस मंजूर."

"बसला आपले शॉक नसतात, सलीमभाई. रस्ता आहे तसा त्यांना कळू दे."

जुन्या शॉकवर साहेबांनी तो डोंगर पाहिला. दोन ठिकाणी त्यांचं डोकं टपाला लागलं. गयाबाई आणि बिरूतात्या आपापल्या वस्तीपाशी उभे होते. उतरल्यावर साहेब म्हणाले, "पावसाळ्यात जमायचं नाही. बाकीचे महिने नाल्यापर्यंत सकाळी एक आणि संध्याकाळी एक सोडून बघू." नाल्यापर्यंत म्हणजे दोन्ही वस्त्यांना चालत येता येईल असं.

टेस्टसाठी मी कन्नडच्या बाजूला दुसरा रस्ता शोधला. खडीच्या ट्रकांनी उखडलेला, आणि वाटेत एकही घर नाही. नवे सेट लावून पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शॉक चांगलेच तापले. शेवटी कंपनीतल्या टेस्ट बेंचवर तपासले तर धक्का जिरवायच्या ताकदीतली घट मर्यादेच्या आत होती, पण अगदी काठावर. आहेत तेच आकडे पाठवले. मोटार कंपनीने सील सुधारायच्या अटीवर मंजुरी दिली. लाईन चालू राहिली आणि एकाही पोराला घरी जावं लागलं नाही. पुढे सील सुधारायचं काम त्यांच्यातल्याच दोघांनी केलं.

आमच्या टेस्ट प्रोसिजरमध्ये तेव्हा मी एक ओळ वाढवली: चाचणीआधी रस्त्यालगतच्या लोकांना आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावं. नवीन इंजिनिअर ती ओळ वाचून हसतात. हसू देतो, आणि मग गाडीत बसवून आधी गावात पाठवतो.